जबड्याचा दिवा

कवळीमास्तरांनी आयुष्यभर लोकांचे दात केले, पण ते दात घालून कुणाला हसताना क्वचितच पाहिलं. त्यांच्या धंद्याची रीतच तशी. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई रुग्णाच्या तोंडाचा ठसा घेणार. मागच्या खोलीत मास्तर त्या ठशात प्लास्टर ओतून जबडा करणार, जबड्यावर गुलाबी मेण चढवून त्यात एकेक दात बसवणार, मग मेण उकळून काढून त्या जागी कवळीचा मसाला भरणार, आणि घासूनपुसून तयार झालेली कवळी पाण्याच्या वाटीत घालून पुढे पाठवणार. कवळी गेली की माणूस गेला. त्यामुळे मास्तर माणसांना आतून ओळखत, बाहेरून नाही. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तर ते आधी त्याच्या वरच्या ओळीकडे बघत, आणि काम आपलंच निघालं तर मान डोलावत.

याला अपवाद एकच. चाळीसेक वर्षांपूर्वी एक मुलगी दाढ काढायला आली होती. दाढ काढायला आलेल्या मुलीच्या अख्ख्या खालच्या जबड्याचा ठसा घ्यायचं खरं तर काही कारण नसतं. मास्तरांनी तेव्हाच्या डॉक्टरांना काय कारण सांगितलं ते शेवटपर्यंत बाहेर आलं नाही. पण प्लास्टरचा तो छोटा जबडा मागच्या खोलीतल्या फळीवर राहिला आणि वर्षभरानं ती मुलगी मास्तरांच्या घरात राहायला आली.

लग्नानंतर पहिला हनुक्का आला तेव्हा घरात दिवा नव्हता. हनुक्का म्हणजे ज्यू घरांतला दिव्यांचा सण. फार पूर्वी शत्रूनं विटाळलेलं मंदिर परत मिळालं, तिथे एका दिवसापुरतंच शुद्ध तेल उरलं होतं, आणि ते आठ दिवस पुरलं, अशी त्यामागची हकिगत. म्हणून आठ संध्याकाळी दिवे लावायचे, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे चढत जायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे खिडकीत ठेवायचे. नववा दिवा शमाश, म्हणजे सेवक. त्याच्या ज्योतीनं बाकीचे पेटवायचे, पण त्याची गणती आठांत नाही. आणि या दिव्यांच्या उजेडात काही काम करायचं नाही. वाचायचं नाही, शिवायचं नाही, नुसतं बघत बसायचं. मास्तरांच्या मते धर्मानं माणसाला दिलेल्या सगळ्या आज्ञांमध्ये पाळायला अवघड अशी हीच.

"दिवा करून दे ना," नवी बायको म्हणाली. "दिवसभर मेणाशीच तर खेळतोस."

मास्तरांना आकार एकच येत होता. त्यांनी फळीवरचा तो जबडा काढला, तिप्पट मोठा करून मेणात घडवला, आणि ओळखीच्या ओताऱ्याकडून मोडक्या पितळी तोट्या वितळवून ओतून आणला. कमानीवर दाढांच्या आणि दातांच्या जागी आठ वाट्या, चार उजवीकडे, चार डावीकडे. शमाशच्या सुट्या मेणबत्तीची वाटी मध्ये, जरा उंचावर, जिभेच्या जागी.

बायकोनं तो हातात धरून बराच वेळ फिरवून पाहिला. "हा माझा आहे," ती म्हणाली. "ही वाकडी वाटी म्हणजे माझा तो पुढे आलेला सुळा."

"माप बरोबर असावं लागतं."

"आणि जीभ सगळ्यांना पेटवते, हेही बरोबर जमलंय."

तेव्हापासून त्या दिव्याचं नाव जबडा पडलं. सणाच्या आदल्या दिवशी "जबडा काढला का" आणि सण संपल्यावर "जबडा मिटला" असं त्या घरात सहज म्हटलं जाई. पाहुण्यांना जरा धक्का बसे. समोरच्या टायरच्या दुकानदारालाही नाव माहीत होतं. त्याचा या सणाशी काही संबंध नव्हता, पण इतकी वर्षं दर थंडीत खालून खिडकीकडे बघत असल्यामुळे आपलाही थोडा हक्क आहे असं तो धरून चालला होता.

मुलगी झाली ती लग्नानंतर दहा वर्षांनी. उशिरा आली आणि येताना बराच त्रास देत आली, म्हणून मास्तर तिला अक्कलदाढ म्हणायचे. त्याचं पुढे अक्कू झालं. अक्कू त्या दिव्यासमोर वाढली, शिकली, आणि लग्न होऊन दुसऱ्या शहरात एका धर्मशाळेतल्या शिक्षकाच्या घरी गेली. म्हणजे प्रवाशांच्या धर्मशाळेत नव्हे. मुलांना ग्रंथ आणि नियम शिकवतात तिथे. जावई स्वभावानं लोण्यासारखा, पण नियमाला पक्का, आणि अक्कूचं असं की कुठलीही गोष्ट धरली की ती मुळापर्यंत न्यायची. लग्नाआधी ती धर्म बेतानं पाळायची. लग्नानंतर डोक्याला रुमाल आला, माहेरी येताना खाण्याच्या नियमांसाठी स्वतःची वेगळी भांडी आली, आणि एका थंडीत एक प्रश्न आला.

प्रश्न जबड्याचा होता. ग्रंथांत म्हटलंय की हनुक्काचे दिवे एका सरळ ओळीत हवेत. गोल मांडले तर ते वेगवेगळे दिवे राहत नाहीत, एक मशाल होते. मग कमानीचं काय? जावयानं आपल्या गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, टाळावं. आता दिवा चुकीचा म्हटल्यावर तो लावताना म्हटलेलं आशीर्वचन वाया जाणार. वाया गेलेल्या आशीर्वचनात देवाचं नाव उगाच घेतलं जातं, आणि अशा आशीर्वचनाला ऐकणाऱ्यानं आमेन, म्हणजे तसंच असो, म्हणायचं नसतं. झालं. गेल्या वर्षी सणाला अक्कू माहेरी आली नाही. नातीला सर्दी झाली असं तिनं कळवलं. आठ दिवस टिकणारी सर्दी कुठल्याही घरात होऊ शकते, म्हणून कुणी काही बोललं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मास्तरांची बायको गेली. दोन दिवस अंग दुखतंय म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी झोपली ती उठलीच नाही.

या वर्षी अक्कू आली. नवरा, चार वर्षांची मुलगी, भांड्यांची पेटी, आणि टॉवेलात गुंडाळलेला एक नवा कोरा, पट्टीसारखा सरळ दिवा घेऊन आली. मास्तरांनी पेटी वर चढवायला मदत केली. टॉवेलातल्या वस्तूबद्दल काही विचारलं नाही. लेक आठ दिवस राहणार होती, एवढं त्यांना पुरेसं असायला हवं होतं. ते नव्हतं. त्यांना आणखी एक गोष्ट हवी होती, आणि ती मागण्यासारखी नव्हती: जबडा लावताना आपण आशीर्वचन म्हटलं की अक्कूनं आमेन म्हणावं. बायको असताना या घरात ते जसं म्हटलं जायचं तसं. एक शब्द.

पहिल्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरून मास्तरांची थोरली बहीण वर आली. तिला घरातले सगळे आत्या म्हणायचे, तिचा भाऊसुद्धा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केल्यामुळे तिचा आवाज अजूनही शेजारच्या गावाशी बोलत असल्यासारखा निघे. खिडकीत जबडा आणि जेवणाच्या टेबलावर सरळ दिवा पाहून ती दारातच थांबली.

"दोन चुली ऐकल्या होत्या," ती म्हणाली. "एका घरात दोन दिवे पहिल्यांदा बघतेय."

"आत्या, तसं चालतं," जावई म्हणाला.

"चालतं ते दिसतंय मला. कुठे चाललंय ते बघतेय."

"बाबा, तुम्ही तुमचा लावा. आमचा आम्ही आत लावतो," अक्कू म्हणाली. ती बोलत होती वडिलांशी, पण बघत होती नातीच्या स्वेटरच्या बटणाकडे.

मास्तरांनी शमाश पेटवून हातात घेतला. पहिल्या दिवशी तीन आशीर्वचनं असतात. दोन रोजची, आणि तिसरं फक्त त्याच संध्याकाळचं: ज्यानं आम्हाला जिवंत ठेवलं, सांभाळलं आणि या वेळेपर्यंत आणलं, त्याचे आभार. पहिली दोन नीट पार पडली. तिसऱ्यात "आम्हाला" हा शब्द आला आणि मास्तरांना तो उचलेना. या शब्दात कोण कोण येतं याचा हिशेब त्यांनी आधी केला नव्हता. काजळी धरायला लागलेली मेणबत्ती हातात घेऊन ते थोडा वेळ उभे राहिले आणि मग कवळीत न बसणारा एखादा दात तसाच दाबून बसवावा तसा तो शब्द दाबून पुढे गेले.

आशीर्वचन संपलं. आत्याचं आमेन पलीकडच्या इमारतीतही पोचलं असेल. नातीनं तोंड उघडलं, तेवढ्यात आईचा हात तिच्या खांद्यावर आला, आणि तोंड मिटलं. जावई बुटांकडे बघत होता.

मास्तरांचे कान कामानं तयार झालेले होते. वरची आणि खालची कवळी बिजागरीवर चढवून मिटली की दोन्ही ओळी एकदम भेटल्याचा एक बारीक आवाज येतो. तो नीट आला नाही तर कुठेतरी चाव उंच आहे हे त्यांना न बघता कळे. आशीर्वचन ही वरची ओळ, आमेन ही खालची. त्या संध्याकाळी आवाज आला, पण एका बाजूनंच आला.

दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं. फक्त नातीनं या खेपेला तोंड उघडलं नाही. ती शिकली होती. मास्तरांना त्याचं जास्त वाईट वाटलं.

नंतर जावई जिन्यात त्यांच्या मागोमाग आला. "बाबा, एक सांगू का? मी तिला काही म्हटलेलं नाही. मी गुरुजींना फक्त विचारलं होतं. उत्तर आलं ते आलं."

"विचारलंत कशाला?"

"सवय," जावई म्हणाला. मग त्याला राहवेना. "तसे मतभेद आहेत यात. दोन दिव्यांमध्ये बोटभर अंतर असलं तर वाकडी ओळही चालते, असं म्हणणारे आहेत. मोठे आहेत. पण आशीर्वचनाबद्दल शंका असेल तर म्हणू नये, असाही नियम आहे."

"शंका कुणाला आहे?"

"मला सगळ्याचीच असते," जावई प्रामाणिकपणे म्हणाला. "नोकरीच ती आहे."

मास्तरांना त्याचा राग येईना, ही एक वेगळीच अडचण होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जबडा कापडी पिशवीत घातला आणि कामावर नेला. मागच्या खोलीत स्पिरिटचा दिवा, मेणाच्या सुऱ्या, उकळायची पातेली आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे, सगळं जागच्या जागी होतं. मास्तरांनी दिवा शिकंज्यात धरला, पेन्सिलीनं वाट्यांच्या मध्ये रेघा मारल्या, आणि कवळ्या घासायच्या यंत्राला धातू कापायची चकती लावली. विचार साधा होता. ओतीव पितळ वाकवून सरळ होत नाही, मोडतं. पण तुकडे केले आणि ते एका लाकडी पट्टीवर ओळीनं बसवले तर पितळ तेच राहील, वाट्या त्याच राहतील, आणि ग्रंथाचंही म्हणणं पाळलं जाईल.

डॉक्टरीणबाई एक कवळी घेऊन आत आल्या. ठसा घेऊ देणाऱ्या त्या जुन्या डॉक्टरांची ही मुलगी. "मास्तर, त्या आजोबांना बोलताना शिट्टी वाजते म्हणे. नातवंडं मुद्दाम त्यांना साबण मागायला सांगतात." मग त्यांचं लक्ष शिकंज्याकडे गेलं. "हे घरचं ना?"

"हो."

"कापताय?"

"सरळ करतोय."

डॉक्टरीणबाईंनी रेघा पाहिल्या. त्यांनी तोंडं पुष्कळ पाहिली होती, पण या कामाची मागणी कुणी केलेली आठवत नव्हती. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी कवळी ठेवली आणि दार हळूच ओढून घेतलं.

मास्तरांनी चकती चालू करून पहिल्या रेघेवर टेकवली. पितळेनं किंचाळून पिवळी भुकटी उडवली आणि नखाएवढी खाच पडली. त्यांनी यंत्र बंद केलं.

पितळ वाचावं म्हणून बंद केलं असं नाही. कापणं त्यांना जड नव्हतं. मापासाठी कापावंच लागतं हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. पण पट्टीवर बसवलेल्या त्या तुकड्यांना उद्या आमेन मिळालं असतं, तर ते सरळपणाला मिळालं असतं. ते तर टेबलावरच्या नव्या दिव्याला रोज मिळतच होतं. त्यांना हवं होतं ते वाकड्या ओळीला, पुढे आलेल्या सुळ्यासकट. तसं ते येणार नसेल तर न आलेलं बरं. त्यांनी खाच पॉलिश करून घेतली, पेन्सिलीच्या रेघा स्पिरिटनं पुसल्या आणि आजोबांच्या शिट्टीकडे वळले. दोन वरच्या दातांच्या मागे मसाला जरा जाड झाला होता. तो घासला. माणसातले दोष काढणं इतकं सोपं नसतं.

तिसरी संध्याकाळ पहिल्या दोन संध्याकाळींसारखीच गेली.

चौथ्या संध्याकाळी मास्तरांनी जबडा बाहेर काढलाच नाही. टेबलावरचा सरळ दिवा त्यांनी स्वतः उचलून खिडकीत ठेवला आणि जावयाला म्हणाले, "आज इथेच लावा. घरात एकच दिवा बरा. तुम्ही म्हणा, मी आमेन म्हणतो."

अक्कू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती पुसतच राहिली.

जावयानं आशीर्वचन म्हटलं, जरा घाईनं, परीक्षेला बसल्यासारखं. मास्तरांनी आमेन म्हटलं. कुजबुजत नाही, तोंडातल्या तोंडात नाही; स्वच्छ, वेळेवर, दोन्ही वेळा. गुडघा धरल्यामुळे आत्या वर आली नव्हती, तेव्हा ते एकट्याचंच ऐकू आलं.

खालून टायरवाल्यानं हाक मारली. "मास्तर, आज जबडा नाही?"

मास्तरांनी खिडकीतून वाकून पाहिलं. "आज नवी कवळी," ते म्हणाले.

दिवे बाहेरून कसे दिसतात ते दाखवायला जावई नातीला घेऊन खाली गेला. जाताना त्यानं दार ओढून घेतलं. त्यालाही काही गोष्टी कळत होत्या. बाप आणि लेक खिडकीसमोरच्या दोन खुर्च्यांवर बसली. दिवे जळत होते, म्हणजे काम करता येत नव्हतं, आणि हाताला काम नसलं की या घराण्यात बोलण्याशिवाय सुटका नसे.

"तुमचं आमेन मोठं होतं," अक्कू म्हणाली.

"दिवा सरळ आहे. मोठ्यानं म्हणायला काय हरकत?"

"टोमणा आहे?"

"नाही. माप सांगतोय."

"जबडा कुठाय?" अक्कूनं विचारलं.

"कपाटात."

"मी आलेय म्हणून?"

"तू आलीयस म्हणूनच. गेल्या वर्षी तो खिडकीत होता आणि तू नव्हतीस. या वर्षी उलट करून बघू म्हटलं."

अक्कूनं डोक्यावरचा रुमाल उगाच पुढे ओढला. लहानपणी ती केसांची बट अशीच ओढायची. "गेल्या वर्षी आईनं फोन केला होता," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी. आठही लावायचे होते तेव्हा."

"ठाऊक आहे. फोन मीच तिच्या तोंडाशी धरला होता. तिच्या हातात शमाश होता."

"म्हणाली, आली नाहीस तर नाहीस, फोनवर तरी ऐक. आणि स्वतः आशीर्वचन म्हटलं."

"हो."

"मग थांबली."

"हो."

"किती वेळ थांबली, बाबा."

मास्तरांचा हात त्या संध्याकाळी अवघडला होता, तरी त्यांनी फोन खाली घेतला नव्हता. बायको फोनकडे बघत होती, आणि शमाशचं मेण तिच्या बोटांवर उतरत होतं. मग ती म्हणाली होती, लाईन खराब झाली वाटतं, आणि दिवे लावायला वळली होती.

"लाईन खराब झाली म्हणाली," मास्तर म्हणाले. "आत्यानं ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवशी टेलिफोनवाल्यांना उभं आडवं घेतलं. दोन माणसं शिडी घेऊन आली होती तपासायला."

"लाईन चांगली होती."

"ते आत्याला सांगू नकोस. तिला त्या माणसांची माफी मागावी लागेल, आणि तिला ती सवय नाही."

अक्कूच्या घशातून हसू निघालं की दुसरं काही, ते तिलाही कळलं नसावं. तिनं तोंडावर हात धरला. हात काढला तेव्हा चेहरा पुसल्यासारखा कोरा होता. "मला वाटलं, पुढच्या वर्षी समोर बसून समजावून सांगेन," ती म्हणाली. "तिला वाईट वाटणार नाही असं. वाक्यंसुद्धा ठरवली होती." मग तिनं विचारलं, "तिला कळलं होतं का? खरं सांगा. लाईन खराब वाटली तिला, की कळलं होतं?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. शिडी घेऊन आलेली दोन माणसं त्यांच्या बाजूनं साक्षीला होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या खालच्या ओळीत डावीकडचा सुळा किंचित पुढे आला होता. आतापर्यंत तो त्यांनी कितीदा पाहिला असेल.

"कळलं होतं," ते म्हणाले. "आत्या खाली गेल्यावर म्हणाली, पोरगी नियमाची पक्की निघाली."

"रागानं?"

"नाही." यासाठी नेमका शब्द शोधायला त्यांना वेळ लागला. "तुला पहिला दात आला तेव्हा तू दूध पिताना तिला चावलीस. त्या दिवशी ती अशीच बोलली होती. दुखलंही होतं तिला, आणि दात आला म्हणून बरंही वाटलं होतं."

अक्कू रडली. आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून, खालून नातीनं वर पाहिलं तर दिसू नये म्हणून खुर्ची जरा मागे घेऊन. मास्तर शेजारी बसून राहिले. त्यांना सांत्वन करता येत नसे. त्यांच्याकडे येईपर्यंत तोंडं नेहमी प्लास्टरची झालेली असत. एकेक वात तेल संपून विझत गेली. शेवटची विझल्यावर अक्कू उठली आणि भांडी घासायला लागली. घरच्या भांड्यांपासून आपली भांडी वेगळी ठेवायला ती तेव्हाही विसरली नाही.

पाचव्या दिवशी मास्तर कामावरून आले तेव्हा जबडा खिडकीत होता. चिंचेनं घासल्यासारखा लखलखत होता. अक्कू त्याच्यासमोर तेलाची बाटली घेऊन उभी होती. आत्या गुडघा धरून का होईना, पण आधीच खुर्चीत येऊन बसली होती. जावई टेबलापाशी उभा होता, आणि पट्टीसारखा सरळ दिवा परत टॉवेलात गेला होता.

"तेल माझं घालते," अक्कू म्हणाली. "लग्न झालेली मुलगी माहेरच्या दिव्याला पाहुणी असते. पाहुण्याचा तेलात वाटा असावा लागतो."

"असा नियम आहे," जावई म्हणाला. मग जरा घुटमळून, "बाकी मतभेद आहेतच हं."

"आहेत ना?" अक्कू वाट्या भरत म्हणाली. "मग त्यातल्या एका बाजूला मी उभी राहते."

जावयानं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग एक गोष्ट केली. तो वाकला, दोन वाट्यांच्या मधल्या जागेत त्यानं आपलं बोट आडवं धरून पाहिलं, आणि सरळ उभा राहिला.

मास्तरांनी कोट काढून ठेवला. "अक्कू, हे बघ," ते म्हणाले. "मी नुसते लावतो. आशीर्वचन नको. तुझी अडचण व्हायला नको."

"तुम्ही थांबा, बाबा," अक्कू म्हणाली. तिनं शमाश पेटवला आणि हातात घेतला.

तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की लावणार ती आहे. आत्याच्याही लक्षात आलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा बोलायचं काहीतरी गिळलं. पाचव्या दिवशी ओळ समोरचे दात ओलांडून डाव्या बाजूला वळते. अक्कू त्या वळणाशी उभी राहिली आणि पहिलं आशीर्वचन म्हणायला लागली. आवाज तिचाच होता, पण मध्ये दम घ्यायच्या जागा आईच्या होत्या.

आशीर्वचन संपलं. आत्या भावाकडे बघत होती, नात आजोबांकडे, आणि अक्कू कुणाकडेच नाही. ती हातातल्या ज्योतीकडे बघत होती. मास्तर पहिल्या संध्याकाळपासून ज्या शब्दाची वाट बघत होते तो आता त्यांच्याकडेच मागितला जात होता. गप्प बसणाऱ्याची जागा कशी असते, हे त्यांनी आतापर्यंत फक्त दुसऱ्या बाजूनं पाहिलं होतं. आमेन घाईनं म्हणायचं नसतं आणि रेंगाळूनही म्हणायचं नसतं. दोन्हींच्या मध्ये जागा फार थोडी असते. त्या जागेत फोन हातात धरून एकदा ते उभे राहिले होते, शेजारी बायको उभी होती, आणि ती जागा त्या दिवशी संपता संपत नव्हती.

"आमेन," मास्तर म्हणाले. तो शब्द वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

मग आत्याचं आलं, आणि नातीचं आलं. या वेळी तिच्या खांद्यावर कुणाचा हात नव्हता, आईचे दोन्ही हात दिव्यात गुंतले होते. जावई खोकला. दुसऱ्या आशीर्वचनानंतर मात्र तो खोकला नाही. तो आमेन म्हणाला, जरा हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, आणि मग एवढा लाल झाला की आत्यानं त्याला पाणी आणून द्यायला सांगितलं. कुणाला सांगितलं ते कळलं नाही, म्हणून कुणी आणलं नाही.

अक्कूनं आधी नव्या, पाचव्या वातीला ज्योत लावली. मग मागे मागे येत चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या वातीला. कमानीचा दिवा लावताना वळणावर मनगट आत घ्यावं लागतं, नाहीतर बाही पेटते. हे तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं, आणि हा दिवा तिनं आजवर स्वतःच्या हातानं कधी लावलाही नव्हता. वळणावर येताच तिनं मनगट आत घेतलं, डाव्या हातानं बाही मागे धरली, आणि उजव्या कोपऱ्यातला पहिला दिवा लावून शमाश जिभेच्या जागी ठेवला.